देवाचें भय कोठें ओळखावें?

कांहीं दिवसांमागें एका खेड्यांतील मंडळींत उपासना आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी बंधु माझ्याजवळ येऊन बसले. त्या दिवशींचा पाठ योहानाच्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांतील होता. प्रीति पूर्ण झाली म्हणजे ती भीतीला बाहेर काढिते, असें प्रेषित तेथें शिकवितो. ते बंधु म्हणाले, "मास्तर, आमच्या आजोबांनीं आम्हांस शिकविलें कीं देवाला भिऊन वागावें. आज वाचलें कीं प्रीति असली म्हणजे भीति उरत नाहीं. मग आम्हीं भ्यावें कीं न भ्यावें?"

मीं त्यांस नेहमींचें उत्तर दिलें. दास धन्याला भितो तें भय निराळें, आणि पुत्र पित्याला भितो तें निराळें. दासाला वाटतें, धनी मला मारील. पुत्राला वाटतें, माझ्या हातून बापाचें मन दुखावेल. पहिलें भय मनुष्याला दूर पळवितें, दुसरें जवळ आणितें. पौलानें रोमकरांस लिहितांना (८:१५) हाच भेद दाखविला आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं गडगडाट ऐकून लोक कांपूं लागले, तेव्हां मोशेनें त्यांस धीर देऊन घाबरूं नका असें सांगितलें, आणि त्याच वाक्यांत देवाचें भय मनांत वागविल्यानें पाप टळतें असेंही सांगितलें (निर्गम २०:२०). तेव्हां एक भय टाकावयाचें व दुसरें राखावयाचें, असा याचा अर्थ.

त्या बंधूंनीं मान डोलविली. पण गाडींत बसून परळास परत येतांना माझें मन मला खाऊं लागलें. उत्तर खोटें नव्हतें. तें फार स्वस्त होतें. माझें भय दासाचें नसून पुत्राचें आहे, असें म्हणावयास कोणाला काय पडतें? ज्याच्या ठायीं देवाचें भय मुळींच नाहीं, तोही म्हणूं शकेल कीं मी देवावर प्रीति करितों, म्हणून भीत नाहीं. तेव्हां देवाचें भय म्हणजे काय हें समजल्यावर खरा प्रश्न पुढेंच राहतो: तें माझ्यांत आहे कीं नाहीं, हें मीं कोठें ओळखावें?

या प्रश्नाचें उत्तर मला अशा पुस्तकांत सांपडलें कीं जें आपल्या मंडळ्यांत फारसें वाचलें जात नाहीं. लेवीयाच्या १९ व्या अध्यायाचें १४ वें वचन पाहा. बहिऱ्याला शिव्याशाप देऊं नये, आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, अशी तेथें आज्ञा आहे, आणि तिला लागूनच देवाचें भय धरण्यास सांगितलें आहे. या दोन गोष्टींची सांगड कां घातली असेल? बहिऱ्याला शिवी दिली तर ती त्याला ऐकूं येत नाहीं. आंधळ्याच्या पायांत धोंडा ठेविला तर तो कोणीं ठेविला, हें त्याला दिसत नाहीं. धडधाकट मनुष्याला शिवी देणारा त्याच्या काठीला भितो; श्रीमंताला फसविणारा त्याच्या वकिलाला भितो. परंतु बहिऱ्याला व आंधळ्याला कोणीं कां भ्यावें? तेथें भिण्याजोगें कोणीच दिसत नाहीं. आणि जेथें भिण्याजोगें कोणी दिसत नाहीं, नेमक्या त्याच जागीं शास्त्र आपल्याला थांबवून सांगतें कीं येथें देव उभा आहे.

एकदां ही खूण ध्यानांत आली म्हणजे ती शास्त्रांत पुष्कळ ठिकाणीं दिसूं लागते. त्याच अध्यायांत म्हाताऱ्याला मान देण्याच्या आज्ञेबरोबर देवाचें भय सांगितलें आहे. २५ व्या अध्यायांत गरिबीनें खचलेल्या भावापासून व्याज घेऊं नये, चाकराला कठोरपणें राबवूं नये, या आज्ञांबरोबर पुनः तेंच सांगितलें आहे. मिसरांतील सुइणींनीं देवाचें भय धरिलें, म्हणजे काय केलें? फारोचा हुकूम मोडून तान्हीं मुलें जिवंत ठेविलीं. अमालेक देवाला भ्याला नाहीं, म्हणजे काय केलें? थकूनभागून मागें राहिलेल्या दुबळ्या लोकांवर घाला घातला. नहेम्या सुभेदार झाला असतां, पूर्वीच्या सुभेदारांप्रमाणें त्यानें रयतेला पिळलें नाहीं, आणि त्याचें कारण देवाचें भय असें तो स्वतः देतो. प्रभूनें दृष्टांतांत सांगितलेला न्यायाधीश देवाला भीत नव्हता. आणि त्याच्या दारीं ताटकळत कोण उभी होती? एक विधवा.

हें वाचतांना मला माझ्या तरुणपणची एक गोष्ट आठवली. ती सांगावयास लाज वाटते, तरी सांगतों. शाळा सोडल्यावर मी लालबागेंत एका दुकानांत हिशेब लिहावयास होतों. मिरची, धणे, हळद असा माल तेथें विकला जाई. एका शनिवारीं संध्याकाळीं एक म्हातारी बाई आली. तिला डोळ्यांनीं नीट दिसत नव्हतें. पदराची गांठ सोडून तिनें पैसे चांचपून मोजले व मिरची मागितली. तोलणाऱ्यानें पारडें पुरतें खालीं येण्यापूर्वींच माल तिच्या पिशवींत ओतला आणि मजकडे पाहून तो हंसला. मीं मान खालीं घालून वहींत पुऱ्या वजनाचा आंकडा लिहिला. मला त्या बाईचें भय नव्हतें. ती बिचारी काय करणार होती? मला भय होतें तें नोकरी जाण्याचें. दुसऱ्या दिवशीं मीं मंदिरांत सर्वांबरोबर गीतें गाइलीं व प्रार्थनेच्या शेवटीं मोठ्यानें आमेन म्हटलें. आंधळीच्या वाटेंत धोंडा मीं ठेविला नव्हता. ठेवणाऱ्याची वही मात्र मीं लिहिली होती. त्या दिवशीं मला कोणीं विचारलें असतें, तर मी देवावर प्रीति करितों असेंच मीं सांगितलें असतें.

लालबाग, परळ, दादर हा भाग एके काळीं गिरण्यांचा होता. मुंबईच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी १८५४ सालीं निघाली व ती गिरणी १८५६ सालीं ताडदेवास चालू झाली. पुढें गिरण्या इतक्या वाढल्या कीं या भागाला लोक गिरणगांवच म्हणूं लागले. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आज त्यांच्या जागीं उंच उंच इमारती उभ्या आहेत. परंतु आपल्या खेड्यांतील कित्येक घरांत आजा किंवा बाप मुंबईस साच्यावर होता, ही आठवण अजून आहे. त्या काळीं कामावर घेणें व काढणें बहुतेक जॉबरच्या हातीं असे, म्हणून त्याची नजर फिरली म्हणजे खात्यांतील सारे हात लवकर चालत. कलस्सैकरांस लिहितांना (३:२२) पौलानें चाकरांस हेंच सांगितलें आहे, कीं तोंडदेखली चाकरी करूं नका. देवाचें भय धरून सरळ मनानें काम करा. जॉबरचें भय जॉबरच्या पाठीबरोबर संपतें. ज्याला देवाचें भय आहे, तो तुटलेला धागा जॉबर नसतांनाही जोडतो.

पण ही शिकवण चाकरालाच सांगून थांबणें अन्यायाचें होईल. पौल लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभीं धन्यांनाही आठवण देतो कीं तुमच्यावरही एक धनी आहे. गिरणीकामगारांस आठवड्यांतून एक दिवस विसांवा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांस झगडावें लागलें, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. चवथ्या आज्ञेंत दास व दासी यांच्याही विसांव्याचा उल्लेख आहे. ती आज्ञा दर रविवारीं ऐकणारेही कांहीं गिरणीमालकांत होते. त्यांस ती पाळण्याची बुद्धि मजुरांच्या सभांनीं द्यावी, यापेक्षां लज्जास्पद गोष्ट ती कोणती?

देवाच्या भयाची एक खूण ही झाली: ज्याला आपण भिण्याचें कारण नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों. दुसरी खूण हिच्या उलट आहे: ज्यांना आपण भितों, त्यांच्यासमोर आपण कसे वागतों.

१८४९ सालीं मुंबईंत परमहंस मंडळी या नांवाची एक सभा स्थापन झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या मुळाशीं होते. देव एक आहे, सर्व मनुष्यें भावंडें आहेत, जातिभेद खोटा आहे, असें त्या मंडळीचें मत होतें. सभासद एकत्र जमून प्रार्थना करीत, आणि जातीचें बंधन तोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खात. परंतु हें सारें गुप्तपणें चाले. बाहेर पडल्यावर जो तो आपल्या जातींत, आपल्या घरच्या रीतीप्रमाणें वागे. सुमारें १८६० सालीं मंडळीचे कागद चोरीस गेले, सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं, आणि मंडळी मोडली.

या लोकांस हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. त्या काळीं जातीबाहेर पडणें म्हणजे आई, बायको, पाणवठा व स्मशान या सर्वांस मुकणें होतें. शिवाय त्याच विचारांतून १८६७ सालीं प्रार्थना समाज निघाला व त्याचें मंदिर गिरगांवांत उघड्या रस्त्यावर उभें राहिलें. पण या गोष्टींतून एवढें शिकावें कीं, मनुष्य सत्य जाणत असतां, त्यासाठीं प्रार्थना करीत असतां, इतकेंच काय तें दार लावून आचरीत असतांही, लोकांच्या भयानें बांधलेला राहूं शकतो.

आणि हें तर खुद्द पेत्राला घडलें. अंत्युखियांत तो विदेशी बंधूंच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमाहून कांहीं मंडळी आली, तेव्हां तो त्यांस भिऊन हळूच बाजूला झाला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत पौल हें सांगतो व आपण त्याला तोंडावर दोष दिला असें लिहितो. ज्या पेत्रानें यरुशलेमांत मुख्य याजकांस उलट उत्तर दिलें, तोच भाकरीच्या तुकड्यापाशीं अडखळला. मोठ्या अधिकाऱ्याला न भिणारा मनुष्य आपल्याच पंक्तीच्या लोकांस भितो. आपल्या मंडळ्यांत आज कोणी तुरुंगाला भिऊन सत्य सोडीत नाहीं. पण सोयरीक जमवितांना बापजाद्यांची जुनी जात हळूच विचारली जाते, आणि पंच मान खालीं घालून ऐकून घेतात. त्या वेळीं आपण कोणाला भीत असतों?

परमहंस मंडळींत बाबा पदमनजी हेही होते. त्यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवास झाला, व शिकण्यासाठीं ते मुंबईस आले. ख्रिस्ताविषयींची त्यांची खात्री एका दिवसांत झाली नाहीं, आणि खात्री झाल्यावर पाऊल उचलणें त्याहून कठीण गेलें. घरच्यांची माया व जातीचें बंधन हीं आड उभीं होतीं. १८५४ सालीं त्यांनीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनीं, १८५७ सालीं, त्यांनीं 'यमुनापर्यटन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांत हिंदु विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. १९०६ सालीं ते मुंबईंत वारले. त्यांच्या चरित्रांत वर सांगितलेल्या दोन्ही खुणा एकत्र दिसतात. जो जातीच्या भयांतून बाहेर पडला, त्याची लेखणी लगेच जिला कोणी भीत नाहीं तिच्याकडे, म्हणजे विधवेकडे, वळली.

परंतु हें भय आपल्याच कुंपणांत आहे असें मानूं नये. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि यांचा मुंबईंत बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरीं जाऊन राहिला होता. तो अल्पवयी असल्यामुळें कोर्टानें त्याला बापाच्या स्वाधीन केलें; पण जात त्याला परत घेईना. तेव्हां त्या पोरानें जावें कोठें? बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला जातींत घ्यावें म्हणून पुढाकार घेतला, आणि स्वजातीयांचा मोठा रोष आपल्यावर ओढवून घेतला. त्या वादांत मिशन एका बाजूला व शास्त्रीबोवा दुसऱ्या बाजूला होते, हें खरें. तरीपण एका असहाय मुलासाठीं स्वजनांचा राग सोसणाऱ्या मनुष्याला पाहून, कर्नेल्याच्या घरीं पेत्राला जें उमगलें तें आपण आठवावें: कोणत्याही राष्ट्रांत देवाचें भय धरून नीतीनें वागणारा मनुष्य देवाला मान्य आहे (प्रेषितांचीं कृत्यें १०:३५).

आतां एका खोट्या भयाविषयीं बोललें पाहिजे, कारण तें देवाच्या भयाचें नांव घेऊन आपल्या घरांत शिरतें. संकट आलें कीं पुष्कळ लोक म्हणतात, हा देवाचा कोप आहे. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेगाचा रोग ओळखला. पुढच्या कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून पळाले. घरोघर रोगी लपविले गेले. मरणाचें भय पुष्कळ होतें. पण त्यानें माणसें माणसांपासून तुटलीं. याच्या उलट, १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन साहेबांनीं नवी लस प्रथम आपल्याच अंगांत टोचून घेतली. परळास त्यांच्या नांवाची संस्था आजही आहे. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां त्याच रोगानें वारल्या. आपल्याच मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ सालीं नाशिकाकडे गेले असतां तेथें पटकीची साथ होती. त्यांनीं जवळचें औषध रोग्यांस वांटलें, व परततांना त्याच रोगानें वाटेंत प्राण सोडला. जें भय रोग्याला टाकून पळवितें, तें मरणाचें भय. जें रोग्याला टाकून पळूं देत नाहीं, तें देवाचें.

म्हणून माझी पाळकांस व पंचांस हात जोडून विनंति आहे. ज्या बाईचें मूल गेलें, तिच्या दारांत जाऊन हें तुझ्या पापाचें फळ आहे असें कधींही म्हणूं नका. शिलोहांतील बुरूज कोसळून जे मेले ते इतरांपेक्षां अधिक पापी नव्हते, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें आहे (लूक १३). ईयोबाच्या मित्रांनीं असेंच भाषण केलें, व देव त्यांच्यावर रागावला. अशा शब्दांनीं देवाचें भय वाढत नाहीं. दुःखी मनुष्य देवापासून तुटतो. स्तोत्रकर्ता १३० व्या स्तोत्रांत देवाच्या भयाचें जें कारण देतो, तें त्याचा कोप हें नव्हे. तें त्याची क्षमा हें आहे. आणि हें अनुभवास पटतें. जो बाप मारतो, त्याचा मार चुकविण्याची युक्ति मूल शोधून काढितें. जो बाप आपली चूक जाणून, स्वतः तोटा सोसून क्षमा करितो, त्याच्यासमोर पुनः ती चूक करण्यास पाय धजत नाहीं. वधस्तंभाकडे पाहून जें भय वाटतें, तें याच जातीचें आहे.

आतां त्या वृद्ध बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. प्रीति भीतीला घालवून देते असें योहानानें चवथ्या अध्यायाच्या अठराव्या वचनांत शिकविलें. आम्ही तेथें थांबलों, हीच आमची चूक. दोन वचनें पुढें जा. तेथें तो म्हणतो कीं, डोळ्यांपुढील भावावर जो प्रीति करीत नाहीं, त्याची न दिसणाऱ्या देवावरील प्रीति खोटी आहे. म्हणजे प्रीति खरी कीं खोटी, हें भावापाशीं ओळखावयाचें. आणि भय खरें कीं खोटें, हेंही मोशेनें बहिऱ्या व आंधळ्या भावापाशींच ओळखावयास सांगितलें. नियमशास्त्र व प्रेषित दोघेही आपल्याला एकाच उंबरठ्यावर आणून उभे करितात. तेथें प्रीति व भय यांचें भांडण नाहीं. प्रीति हात पुढें करविते, आणि भय तो हात पारड्यावर पडूं देत नाहीं.

प्रिय वाचकहो, याची परीक्षा पाहण्यासाठीं मुंबईस यावयास नको. शेतांत मोलानें आलेल्या बाईची मजुरी संध्याकाळीं मोजतांना पाहा. बांध कोरतांना, शेजारीण विधवा आहे म्हणून नांगर हातभर पुढें जातो कीं काय, तें पाहा. मंडळीच्या पैशांचा हिशेब कोणी मागत नसतांना तो कसा लिहिला जातो, तें पाहा. कोणी साक्षीला नसतांना घरांत बायकोवर हात उगारला जातो कीं काय, तें पाहा. आणि पाटील, सावकार किंवा भाऊबंद समोर बसले असतां सत्य बोलावयाची वेळ आली, तर जीभ कां अडते, तेंही पाहा. या जागीं देवाचें भय आढळलें नाहीं, तर तें मंदिरांत शोधण्यांत अर्थ नाहीं.

ती लालबागेची म्हातारी बाई पुनः मला कधीं दिसली नाहीं. तिची पावशेर मिरची मी आतां कोणाला परत देऊं? देवानें मला क्षमा केली आहे, असा माझा विश्वास आहे. आणि क्षमा केली आहे म्हणूनच आजही कोणत्याही दुकानांत पारडें हलतांना पाहिलें कीं माझें काळीज क्षणभर थांबतें. पुढच्या वेळीं त्या खेड्यांत गेलों म्हणजे वृद्ध बंधूंस सांगणार आहें: बाबा, तुमच्या आजोबांनीं शिकविलें तें खरें होतें. भ्यावें. पण तें भय वर आकाशाकडे पाहून शोधूं नये; आपल्यापुढें जो सर्वांत दुबळा उभा आहे, त्याच्या तोंडाकडे पाहून शोधावें.